रेताड शेतांची उपासमार

सरदाचे भात कापून झाले, मळणी आटोपली आणि शेतातली ओल अजून पायांना जाणवत असली की गोमंतकातला शेतकरी वायंगणाकडे वळतो. ज्याच्या शेताला पाटाचे पाणी आहे तो पुन्हा भात लावतो. ज्याला ते नाही तो नांगरट करून त्या उरल्यासुरल्या ओलीवर अळसांदे, मूग, कुळीथ किंवा भुईमूग पेरतो. महाराष्ट्रात चवळी म्हणतात तेच आपले अळसांदे. फाल्गुनाच्या सुमारास हे नवे धान्य फोंड्याच्या बाजारात येते, तेव्हा गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो हा, की हे गावठी आहेत की घाटावरचे? गावठी म्हटले की दोन पैसे अधिक मोजायला ते तयार असते. मालाला मागणी आहे, चवीला नाव आहे, जमीन आहे आणि पीकही अल्पमोली आहे. असे असता पेडण्याच्या किनारपट्टीवरील आणि डिचोलीच्या मळ्यांतील अनेक शेते वायंगणात ओस का दिसतात, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

याची ठराविक उत्तरे सर्वांना पाठ आहेत. मजूर मिळत नाहीत, मोकाट गुरे पीक ठेवीत नाहीत, मोपाचा विमानतळ २०२३ साली सुरू झाल्यापासून पेडण्याच्या जमिनीकडे लोक धान्याच्या नव्हे, भूखंडाच्या नजरेने पाहू लागले आहेत. ही सर्व कारणे खरी आहेत आणि त्यांवर या देशात पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. परंतु ज्या कारणाचा उच्चार क्वचितच होतो ते पायांखालच्या मातीत आहे. पेरले तरी पोसत नाही, शेंगा धरल्या तरी दाणा भरत नाही, हा अनुभव लागोपाठ तीन वर्षे आला की चौथ्या वर्षी कष्टाळू शेतकरीही नांगर टेकवून ठेवतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. त्याचे शेत उपाशी आहे हे समजून घेणे त्याहून अवघड, पण अधिक उपयोगाचे आहे.

आपल्या पूर्वजांनी भाताच्या जमिनींची मोरड, खेर आणि खाजन अशी तीन नावे ठेवली ती उगाच नव्हेत. मोरड म्हणजे डोंगरउतारावरची जांभ्या दगडाची जमीन, खाजन म्हणजे खाडीकाठची खारवट चिकण जमीन आणि या दोहोंच्या मधली, हातात घेतली की बोटांतून ओघळणारी, ती खेर. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या गावांतील समुद्रालगतच्या शेतांत तर मातीपेक्षा वाळूच अधिक. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत, या जमिनीवर कोसळतो. चिकणमातीचे कण आणि कुजलेला पालापाचोळा यांच्या अंगी पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्ये धरून ठेवण्याचा गुण असतो. वाळूच्या खड्याला तो गुण नाही. त्यामुळे पावसाळ्यात जे जे विरघळते ते ते पाण्याबरोबर मुळांच्या आवाक्याखाली निघून जाते. नत्र जाते, गंधक जाते, पालाश जाते, बोरॉन जाते. मागे उरते ती आम्ल झालेली, धुऊन निघालेली रेती.

येथे एक शंका साहजिकच पुढे येते. कडधान्य तर हवेतून नत्र घेते. मग त्याला खताची गरज काय? ही समजूत इतकी रूढ आहे की 'कुळथाला कसले खत?' हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. तिच्यात अर्धे सत्य आहे आणि ते सत्य, योगायोगाने, वाळूतच सापडले आहे. जर्मन संशोधक हेल्रीगेल याने नत्र नसलेल्या वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा वाढवून पाहिला. ओट सर्वत्र उपाशी राहिला. वाटाणाही निर्जंतुक केलेल्या वाळूत तसाच खुरटला. पण त्याच वाळूत शेतातील मातीचे थोडे पाणी घालताच तो तरारून उठला आणि त्याच्या मुळांवर गाठी आल्या. १८८६ साली बर्लिन येथे भरलेल्या निसर्गशास्त्रज्ञांच्या मेळाव्यात त्याने हे गुपित उघड केले. पुढे दोनच वर्षांनी बायरिंक या डच शास्त्रज्ञाने त्या गाठींतील जिवाणू वेगळा काढून दाखवला. हा जिवाणू हवेतला नत्र वनस्पतीला देतो आणि वनस्पती त्याला साखर देते. रायझोबियम या नावाने आज तो शेतकऱ्यांना परिचित आहे.

परंतु हेल्रीगेलच्या प्रयोगातील एक साधी गोष्ट आपण विसरतो. त्याने कुंडीतल्या वाळूत नत्र तेवढा ठेवला नव्हता. स्फुरद, पालाश, चुना ही बाकीची खनिजे घातलेली होती. हवेत नत्र आहे. हवेत स्फुरद नाही, पालाश नाही, कॅल्शियम नाही. गाठीतला कारखाना चालवायला स्फुरद लागतो, गंधक लागतो, लोह लागते आणि मॉलिब्डेनम नावाचे एक द्रव्य, हेक्टरी काही ग्रॅमच, पण अवश्य लागते. यांपैकी एकाची वाण पडली की कारखाना बंद पडतो. मग कडधान्य हे कडधान्य असूनही नत्राविना पिवळे पडते. आम्ल जमिनीत मॉलिब्डेनम मातीत असूनही पिकाला मिळत नाही, हे आणखी एक दुखणे. म्हणजे आपल्या रेताड शेतातील अळसांदे ज्या उपासमारीने खुरटतात तिचे मूळ नत्राच्या अभावात नसून, नत्र मिळविण्याचे साधन बंद पडण्यात आहे.

डिचोलीची कथा जवळची असूनही निराळी आहे. तेथील मळ्यांच्या मातीत जांभ्याचा अंश आणि लोहाचे प्रमाण मोठे आहे. शिरगाव, मुळगाव, अडवलपाल या परिसरात खाणींच्या ढिगाऱ्यांवरून पावसाबरोबर उतरलेला तांबडा गाळ शेतांत पसरल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. २०१२ साली खाणी थांबल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, तरी शेतात उतरलेला गाळ त्यामुळे उठून गेला नाही. लोहाचे हे संयुग स्फुरदाला असे घट्ट धरून ठेवते की मुळांना तो सोडवून घेता येत नाही. सारांश, पेडण्याच्या वाळूतून अन्न पळून जाते आणि डिचोलीच्या तांबड्या मातीत ते कोंडून पडते. फोंडा तालुका तर या दोहोंचा शेजारी. खांडेपार नदीच्या काठची मळवट, शिरोडा-दुर्भाटकडची खाजने आणि आतल्या बाजूची जांभ्याची भरडे एकाच तालुक्यात नांदतात. रोग दोन आहेत. पण औषध म्हणून दुकानातून मिळते ती पिशवी मात्र एकच.

ती पिशवी बहुधा युरियाची असते आणि याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीची किंमत सरकारने दीर्घकाळ गोठवून ठेवली आहे. ती तीनशे रुपयांच्याही आत मिळते. २०१० साली स्फुरद व पालाश यांच्या खतांसाठी पोषणद्रव्यावर आधारित अनुदानाची पद्धत सुरू झाली, पण युरिया तीतून वगळला गेला. परिणामी जे खत कडधान्याला सर्वांत कमी हवे तेच सर्वांत स्वस्त, आणि जे हवे ते महाग, असे उलटे चित्र देशभर उभे राहिले. कडधान्याला आरंभीचे तीन आठवडे, गाठी कामाला लागेपर्यंत, चिमूटभर नत्र उपयोगी पडतो. त्याहून अधिक दिला की पीक आयत्या नत्रावर निर्भर होते, गाठी धरीत नाही आणि पाने मात्र हिरवीगार होतात. शेजारी कौतुक करतात. शेंगा मोजायच्या वेळी कौतुक संपते.

मग करावे काय? जुनी माणसे काय करीत होती तेथून आरंभ करणे बरे. किनाऱ्यावरच्या कुणब्याच्या घरी चुलीची राख टाकून दिली जात नसे. ती अळसांद्यांच्या सरीत जाई. गोठ्यातले शेण जाई, किनाऱ्यावर सडलेली मासळी जाई, कुंपणाचा पाला जाई. राखेत पालाश आणि चुना असतो आणि ती आम्लता कमी करते. मासळीत नत्र व स्फुरद असतो. शेणखत वाळूला धारणशक्ती देते. शास्त्राचे नाव न घेता त्यांनी रेताड जमिनीचे नेमके औषध शोधून काढले होते. पुढे स्वयंपाकघरात गॅस आला, गोठे रिकामे झाले, मासळीला हॉटेलांचे गिऱ्हाईक मिळाले. यात कोणाचे चुकले असे नाही. चुलीच्या धुरातून गृहिणीची सुटका झाली याचा आनंदच मानायला हवा. मात्र शेताकडे जाणाऱ्या तीन वाटा एकाच पिढीत बंद झाल्या आणि त्यांच्या जागी चौथी वाट कोणी बांधली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

ती वाट बांधण्याची रीत कृषिशास्त्राला ठाऊक आहे, आणि ती फार खर्चाचीही नाही. चवळीसाठी हेक्टरी साधारण २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी शिफारस केली जाते. आपल्याकडची शेते हजार-दोन हजार चौरस मीटरची. हजार चौरस मीटरला याचा हिशेब अडीच किलो नत्र आणि पाच किलो स्फुरद असा होतो. हा स्फुरद डीएपीतून न देता सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिला तर सुमारे ३१ किलो खत लागते. ओझे अधिक वाहावे लागते खरे, पण त्यात स्फुरदाबरोबर अकरा टक्क्यांच्या आसपास गंधक आणि भरपूर कॅल्शियम येते. डीएपीत ही दोन्ही नाहीत. जी जमीन गंधक आणि चुना यांनाच मुकली आहे तिला हा फरक मोठा आहे. डिचोलीच्या लोहमय मातीत हेच खत विसकटून टाकले तर माती ते गिळून टाकते. पेडण्याच्या वाळूत ते वरच्या कोरड्या थरात पडून राहते आणि मुळे खाली ओल शोधत जातात. म्हणून दोन्हीकडे ते फोकून न देता बियाच्या ओळीत, बियापासून दोन बोटे बाजूला व खाली, ओलीत पडेल असे द्यायला हवे. पालाश वाळूत एकदम न देता दोन हप्त्यांनी द्यावा. विहिरीचे वा तिळारीच्या कालव्याचे पाणी मिळत असेल तर ते थोडे थोडे आणि वारंवार द्यावे. एकदाच शेत तुडुंब भरले की पाण्यामागोमाग खतही खाली जाते.

जिवाणूखताच्या बाबतीत आमचा अनुभव असा, की ते वाटले जाते पुष्कळ आणि उपयोगी पडते थोडे. पाकिटात जीव आहे, ही गोष्ट वाटणारा आणि घेणारा दोघेही विसरतात. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत महिनाभर पडलेले पाकीट म्हणजे केवळ काळी भुकटी. ते थंड जागी ठेवावे, मुदत पाहून घ्यावे, गुळाच्या पाण्यातून बियाला चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. भाताच्या शेतात चार महिने पाणी तुंबून राहिल्यावर मातीतले मूळचे जिवाणू रोडावलेले असतात. म्हणून वायंगणात हे बीजसंस्करण अधिकच अगत्याचे. चुन्याबाबतही सावधगिरी हवी. आम्लता घालविण्यासाठी दळलेला चुनखडा किंवा शिंपल्यांची भुकटी पेरणीच्या काही आठवडे आधी मातीत मिसळणे हितकर आहे. पण भाजलेल्या चुन्याची फक्की बियाला लावली तर तो चुना जिवाणूंना जाळतो. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एखादे रोप मातीसकट उपटावे, मुळे धुवावीत आणि गाठ नखाने फोडून पाहावी. आतून तांबूस निघाली तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर बंद आहे. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही.

या सगळ्याहून महत्त्वाचे म्हणजे वाळूला धरबंध आणणे. सेंद्रिय द्रव्याशिवाय रेताड जमिनीत घातलेले कोणतेही खत म्हणजे चाळणीत ओतलेले पाणी. येथे सेंद्रिय की रासायनिक या वादात आम्हांस शिरायचे नाही. तो वाद बहुधा ज्यांची शेते नाहीत तेच हिरिरीने घालतात. एवढे मात्र स्पष्ट सांगायला हवे, की स्फुरद विरघळविणारे जिवाणू मातीत असलेलाच स्फुरद मोकळा करतात, नसलेला निर्माण करीत नाहीत. आणि सुपर फॉस्फेटची पिशवी वाळूला ओल धरायला शिकवीत नाही. दोन्हींची कामे वेगळी आहेत आणि दोन्ही हवी आहेत. कुंपणावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला दरवर्षी मातीत गाडणे, पेरणीनंतर ओळींमध्ये पेंढा पसरणे, काढणीनंतर मुळे जमिनीतच राहू देणे, हे शेतकऱ्याच्या हातचे आहे.

जे त्याच्या हातचे नाही ते सरकारने करावे. किनारपट्टीवरील हॉटेलांतून रोज ओला कचरा निघतो. साळगाव येथे २०१६ पासून घनकचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे आणि त्यातून कंपोस्टही तयार होते. ज्या वाळूच्या पट्ट्याने पर्यटनाला जागा दिली त्याच पट्ट्यातील शेतांना, नीट तपासलेले, काच-प्लास्टिक व जड धातूंपासून मुक्त असे कंपोस्ट स्वस्त दराने, शेताच्या बांधापर्यंत पोहोचते केले तर देणे-घेणे बरोबरीत येईल. महाराष्ट्राने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना हाती घेतली. आपल्या तळ्यांतील चिकण गाळ उन्हाळ्यात काढून रेताड शेतांत पसरण्याची व्यवस्था आपणही करू शकतो. मात्र तो खारा नाही आणि खाणीचा नाही, याची परीक्षा आधी व्हावी.

परीक्षेवरून मृदा आरोग्य पत्रिकेची आठवण होते. २०१५ साली ही योजना देशात सुरू झाली आणि बारा गोष्टींची नोंद करणारे पत्रक शेतकऱ्याच्या हाती आले. कल्पना उत्तम आहे. परंतु त्या बारांत मॉलिब्डेनम नाही, कॅल्शियम नाही आणि मॅग्नेशियमही नाही. गव्हाच्या प्रदेशाला हे चालेल. आम्ल, धुतलेल्या, कडधान्ये पिकवू पाहणाऱ्या किनाऱ्याला चालणार नाही. जुने गोवे येथील एला गावी केंद्र सरकारची किनारी कृषी संशोधन संस्था आहे; १९७६ पासून या ना त्या नावाने ती गोमंतकात काम करीत आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभे आहे आणि 'कोकण सदाबहार' ही चवळीची जात त्याचीच देणगी. विद्या जवळ आहे. उणीव आहे ती विद्या आणि शेत यांच्यामधल्या शेवटच्या कोसाची. प्रत्येक तालुक्यात विभागीय कृषी कार्यालय आहे. त्याने मांद्रे, मये आणि फोंडा तालुक्यातील एखादा गाव अशी तीन ठिकाणे निवडावीत, शेतकऱ्याच्याच शेतात अर्ध्या भागात नेहमीची रीत आणि अर्ध्या भागात चुना, सुपर फॉस्फेट व ताजे जिवाणूखत अशी पेरणी करावी आणि फाल्गुनात गावासमोर शेंगा तोलाव्यात. शंभर व्याख्यानांनी पटत नाही ते एका तराजूने पटते. सुपर फॉस्फेट, दळलेला चुना व जिवाणूखत हे तिन्ही दिवाळीपूर्वी गावच्या सोसायटीत पोहोचले पाहिजे. पेरणी उलटल्यावर आलेले खत गोदामाची शोभा वाढविते.

काही जण म्हणतील, देशात डाळी पुष्कळ आहेत, बाहेरूनही येतात. गोव्याच्या चार मुठी अळसांद्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? वस्तुतः देशात डाळी पुष्कळ नाहीत. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारला डाळींच्या आत्मनिर्भरतेसाठी सहा वर्षांची, ११,४४० कोटी रुपयांची मोहीम हाती घ्यावी लागली. पण तिचा रोख तूर, उडीद आणि मसूर यांवर आहे. अळसांदे तीत नाहीत. केंद्राच्या हमीभावाच्या यादीतही चवळीचे नाव नाही. जे पीक दिल्लीच्या हिशेबात नाही, त्याचा हिशेब पणजीने ठेवायचा नाही तर कोणी? आणि प्रश्न केवळ धान्याचाही नाही. वायंगणात पीक उभे असलेले शेत हे शेत राहते. सलग पडीक पडलेले शेत हळूहळू भूखंड होते. २०२३ मध्ये विधानसभेने शेतजमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. कायदा विक्री थांबवील. नांगर मात्र कायद्याने चालत नाही. तो शेत पिकू लागले तरच चालतो.

शेतकऱ्यांसही आमचे दोन शब्द आहेत. मोकाट गुरांचा बंदोबस्त एकट्यादुकट्याने होत नाही. शेजारच्या दहा जणांनी एकत्र येऊन एकच कुंपण घातले तर खर्च वाटला जातो. आणि गावठी बियाणे घरात जपावे. बाजारात गिऱ्हाईक त्याचेच नाव घेऊन विचारते.

वाळूकडून कोणी कृपेची अपेक्षा करू नये. ती जे धरता येत नाही ते सोडून देते, एवढाच तिचा स्वभाव. त्या स्वभावाला ओळखून थोडे, वेळेवर आणि मुळापाशी देणे हे माणसाचे काम आहे. पुढच्या कार्तिकात पेडण्याच्या आणि डिचोलीच्या सोसायट्यांत चुना, सुपर फॉस्फेट आणि ताजी पाकिटे पेरणीआधी पोहोचली, तर त्या फाल्गुनात फोंड्याच्या बाजारातील 'गावठी आहेत का?' या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याला मान खाली न घालता देता येईल. तशी व्यवस्था कृषी खात्याने आतापासून करावी, एवढीच आमची मागणी आहे.